धर्मग्रामात दोन तट पडलेत, एकी कशी करायची?

वसई तालुक्यातल्या एका धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक लोकांच्या) परिषदेच्या चिटणीस ताईंनी विचारलं आहे. सणाच्या मिरवणुकीत मूर्तीला पहिला खांदा कोणत्या वाडीने द्यायचा, यावरून दोन जुन्या वाड्यांत आठ वर्षं अबोला आहे. दोन्हीकडचे पुढारी एकमेकांचे चुलतभाऊ. गायकवृंद फुटून दोन झाले. त्यात स्टेशनच्या बाजूला इमारतींत राहायला आलेली मंगळुरी, गोंयकार आणि मल्याळी कुटुंबं म्हणतात, आम्हाला इथे कोणी विचारत नाही. प्रत्येक गट फादरांना वेगळा भेटतो. जूनमध्ये नवे फादर येणार आहेत. "एकीसाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना ठेवली, प्रवचनं झाली, सहल काढली. फरक पडला नाही. आता काय करू?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. सव्वीस वर्षं धर्मग्राम परिषदांच्या कामात आहे. आधी स्वतःच्या गावात होतो, मग कुणी फादरांनी बोलावलं म्हणून दुसऱ्यांच्या भांडणात मधे बसायला जाऊ लागलो. त्या अनुभवावरून लिहितो. एकदोन गोष्टी टोचतील, पण तुम्ही कळवळ्याने विचारलंय, म्हणून हातचं राखून लिहीत नाही.

नोव्हेना वाया गेली असं समजू नका. पण प्रार्थनेत आपण देवाकडे जे मागतो, ते करायला पाय आपल्यालाच उचलावे लागतात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूने क्रमही सांगून ठेवलाय. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पुन्हा वाचून बघा, माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं तिथे म्हटलेलं नाही, भावाच्या मनात माझ्याविरुद्ध आहे असं म्हटलंय. म्हणजे चूक कुणाची हे ठरेपर्यंत थांबायची मुभा कुणालाच नाही. आपण मात्र आधी मिस्सा (वेदीवरची उपासना), मग मिरवणूक, मग जेवण, आणि समेट पुढच्या वर्षी, असा क्रम लावतो.

आता खांद्याचं. इतक्या वर्षांत श्रद्धेच्या मुद्द्यावरून भांडलेला एकही धर्मग्राम मी पाहिला नाही. सगळी भांडणं मानाची. पहिला खांदा कुणाचा, वेदीवरून नाव कुणाचं वाचलं, बँडवाले कुणाच्या दारात थांबले. फादर आणि शिकलेली मंडळी इथेच चुकतात. "क्षुल्लक गोष्टीवरून काय भांडता?" असं म्हणून मोकळी होतात. ज्याच्या आजोबांनी खांदा दिला, बापाने दिला, त्याला ती गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. वर्षभर दुसऱ्याच्या बागायतीत राबणाऱ्या माणसाला त्या एका दिवशी सगळं गाव बघत असायचं. तो मान तुम्ही क्षुल्लक म्हटलात, की तुमचं पुढचं बोलणं त्याच्या कानात शिरत नाही.

मी एक काम हटकून करतो. दोन्ही वाड्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जातो आणि पहिला खांदा तुमच्याकडे कसा आला, एवढंच विचारतो. एका गावी लाल लुगडं नेसलेल्या एक आजी पडवीत मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसल्या होत्या. पाऊण तास त्या दुसऱ्याच गोष्टी बोलल्या. मग सुईदोरा बाजूला ठेवून म्हणाल्या, "चर्चचं छप्पर पडलं होतं तेव्हा आमच्या वाडीच्या बैलगाड्यांनी चुना आणि दगड वाहिले. एक बैल मेला. म्हणून तेव्हाच्या पाद्रींनी पहिला खांदा आम्हाला दिला." दुसऱ्या वाडीत गेलो. तिथले बुजुर्ग म्हणाले, चर्चची घंटा आणि मूर्तीचा मुकुट आमच्या बायकांच्या दागिन्यांतून झाला, म्हणून मान आमचा. गंमत बघा, दोन्ही गोष्टी खऱ्या असायला काहीच हरकत नव्हती, आणि एकीची गोष्ट दुसरीने कधी ऐकलेलीच नव्हती. त्या वर्षी सणाच्या नोव्हेनात पाचव्या दिवशी बैलगाड्यांची गोष्ट सांगितली गेली आणि सहाव्या दिवशी दागिन्यांची. वाड्यांची मात्र आम्ही अदलाबदल केली होती, म्हणजे दागिन्यांची गोष्ट बैलगाडीवाल्यांच्या मुलीने सांगितली. सगळं तिथेच मिटलं असं नाही. पण त्या वर्षी आरडाओरडा झाला नाही आणि पुढच्या वर्षी खांद्याची पाळी लावायला दोघं तयार झाले.

तुमच्या पत्रातलं सर्वांत धोक्याचं वाक्य मला हे वाटलं: "प्रत्येक गट फादरांना वेगळा भेटतो." याची मुळं आपल्या इतिहासात आहेत, म्हणून जरा मागे जातो.

मुंबईच्या कॅथलिकांत शतकाहून जास्त काळ एक भांडण चाललं. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबईतून घालवलं आणि रोमच्या प्रोपागांडाचे, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याचे कार्मेलाईट संघातले धर्मगुरू आणले. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो, म्हणजे धर्मगुरू आणि बिशप नेमण्याचा त्याचा हक्क, त्यामुळे दुखावला गेला. १७९४ मध्ये तडजोड म्हणून मुंबईतली चर्चेस दोघांत वाटून दिली. तेव्हापासून एकाच बेटावर, एकाच श्रद्धेचे लोक दोन बिशपांच्या हाताखाली. नावडतं काही झालं की लोक दुसऱ्या बाजूकडे जायला मोकळे. १८५३ मध्ये तर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन आत कोंडून बसले आणि बाहेर विरोधी पक्षाच्या लोकांनी वेढा दिला. शेवटी सरकारला मधे पडावं लागलं. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारानेही दुहेरी सत्ता संपली नाही. आपल्या वसईतले आणि मुंबईलगतच्या साष्टी बेटातले पाद्रोआदोचे धर्मग्राम दमणच्या बिशपांकडे गेले, मुंबईचे आर्चबिशप वेगळे राहिले. १९२८ मध्ये दोन्ही एक झाले, पण मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, अशी पाळी ठरवूनच.

तो वाद इतका का लांबला, याचा मी खूप विचार केलाय. लोक वाईट होते म्हणून नाही. प्रत्येक पक्षाला वर आपला एक वाली होता म्हणून. कुणाला कुणाशी बोलायची गरजच पडत नव्हती.

तुमच्या धर्मग्रामात याचीच लहान आवृत्ती चालू आहे. एक गट फादरांचा, दुसरा सहायक फादरांचा, तिसरा परस्पर बिशप हाऊसला पत्र लिहिणारा. नवे फादर येण्याआधीच परिषदेत ठराव करा की एका गटाची दुसऱ्याविरुद्धची तक्रार फादर एकट्याने ऐकणार नाहीत. तक्रार घेऊन येणाऱ्याने समोरच्या वाडीतला एक माणूस बरोबर आणायचा. आणता येत नसेल तर परिषदेतल्या दोघांसमोर बोलायचं. कुमसार (पापकबुली) आणि घरची दुःखं यांना अर्थातच हा नियम नाही. आणि नवे फादर आले की पहिल्या आठवड्यात कोण आधी भेटायला धावतं ते पाहा. हार, शाल, जेवणाचं आमंत्रण, सगळं तयार असतं. पहिलं जेवण कुणाच्याच घरी नको. परिषदेने दोन्ही वाड्यांतून आणि इमारतींतून डबे मागवून चर्चच्या आवारात एका पंगतीला बसवावं.

त्याच इतिहासात सुटण्याची वाटही आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाळीप्रमाणे १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे येशूसंघाचे (जेजुईट) इंग्रज धर्मगुरू मुंबईचे आर्चबिशप झाले. त्यांच्या पाठी पुन्हा पोर्तुगीज यायचा होता. देश स्वतंत्र होऊ घातलेला, त्या खुर्चीवर भारतीय बसावा हे त्यांना दिसत होतं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स स्वतः मुंबईतून निघून गेले आणि कारभार ग्रेशस यांच्या हाती राहू दिला. १९५० मध्ये पोर्तुगालने पाळीचा हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. एवढा जुना गुंता सुटायला कुणीतरी आपली खुर्ची सोडून उठावं लागलं. तुमच्या परिषदेत पंधरा-वीस वर्षं त्याच पदावर बसलेलं कुणी आहे का? असणारच. त्यांच्याशी कुणीतरी प्रेमाने बोलायला हवं, आणि अपमान न होता उठता येईल असं काही काम त्यांना द्यायला हवं. मी स्वतः बारा वर्षांनी उठलो. सोपं नव्हतं. दोन रविवार मला चर्चमध्ये कुठे बसावं ते कळत नव्हतं.

इमारतींतल्या कुटुंबांबद्दल तुम्ही चारच ओळी लिहिल्यात, पण खरी मोठी फट तिथे आहे. वाड्यांचं भांडण घरातलं आहे, ते आज ना उद्या मिटेल. ही माणसं मात्र न भांडता निघून जातात. एक तर मोटारसायकल काढून दुसऱ्या धर्मग्रामात इंग्रजी मिस्साला, नाहीतर कुठेच नाही. आपण म्हणतो, "त्यांना मराठी शिकायला नको का?" मराठी आपली आहे, वेदीवर ती जपायची आहे, याबद्दल माझं दुमत नाही. सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोलीतल्या आपल्या माणसांनी ती सांभाळली. पण सणाच्या समितीत त्यांचा एकही माणूस नाही, याचा मराठीशी काय संबंध?

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. यरुशलेममध्ये ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी समिती नेमून चौकशी केली नाही आणि "तुम्ही आमची भाषा शिका" असंही म्हटलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली. नावं मोठ्याने वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप गेलं, आणि ते फक्त त्यांच्या विधवांचं नव्हे, सगळ्यांचं. मी हे एका ठिकाणी करून पाहिलं. सणाच्या जेवणाची सगळी जबाबदारी इमारतींतल्या लोकांकडे दिली. वाडीतली बाई कुरकुरली, "त्यांना आपलं इंद्याल जमणार आहे का?" शेवटी तीच सकाळी सहाला टोप घेऊन मदतीला आली. मसाला कुणी वाटायचा यावरून त्या दिवशी जे हसू झालं, ते वर्षभराच्या बैठकांत झालं नव्हतं. त्यांना फक्त खुर्च्या मांडायचं काम देऊ नका. ज्यात चावी, पैसा किंवा निर्णय असेल, असं काम द्या.

पैशाचं आता. बँकेतला माणूस म्हणून हे मला टाळता येत नाही. मानाच्या भांडणाच्या तळाशी पुष्कळदा हिशेबाचा संशय असतो, आणि तो उघड बोलला जात नाही. चर्चच्या कायद्यात प्रत्येक धर्मग्रामाला वित्त परिषद सक्तीची आहे, कलम ५३७. विश्वासूंनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असं कलम १२८७ सांगतं, आणि ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरावं असं कलम १२६७. एवढं लेखी असताना सणाची वर्गणी कुणाच्या घरच्या कपाटात कशी राहते? एका गावी दोन वाड्यांची दोन पासबुकं होती आणि दोघांना खात्री होती की समोरच्याने पैसे खाल्ले. मी दोन्ही पासबुकं मागवली. खाल्लं कुणीच नव्हतं. एकाने मंडपवाल्याला रोख दिले होते आणि पावती घेतली नव्हती, रक्कम ४,२०० रुपये. त्यासाठी सहा वर्षं लग्नाची आमंत्रणं बंद! सणानंतर पंधरा दिवसांत जमाखर्चाचा कागद चर्चच्या दारावरच्या फळ्यावर लावा. मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत. त्याखाली दोन्ही वाड्यांच्या आणि इमारतींच्या प्रतिनिधींच्या सह्या.

तरुणांचं वेगळं. त्यांची तेढ नाताळच्या गोठ्याच्या स्पर्धेत दिसते. गोठा चांगला व्हावा म्हणून स्पर्धा सुरू झाली, आणि मग रात्री राखण ठेवायची वेळ आली, कुणी वायर कापू नये म्हणून. ज्या बाळाला सरायत जागा मिळाली नाही, त्याच्या गोठ्याला पहारा! मी बक्षीस बंद करा म्हणालो, मुलांनी ऐकलं नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं. उमेद मारून एकी होत नाही. शेवटी एका मुलीनेच सुचवलं की वाडीवार गट नकोत, चिठ्ठ्या टाकून गट करू. पहिल्या वर्षी फजिती झाली. एक गट आठ दिवस बांबू कुणाच्या घरून आणायचा यावरच अडला. पण रात्री दोनला गवत पसरताना ज्याच्याशी चहा अर्धा-अर्धा केला, त्याच्या वाडीची वायर पुढच्या वर्षी कापणं जड जातं. तुमच्याकडे फुटबॉलचे संघ असतील तर तेही असेच करून पाहा.

गायकवृंद एक करायच्या मागे लागू नका. दोन आहेत तर दोन राहू द्या, रविवार वाटून द्या. फक्त नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आणि ईस्टरची जागरणाची मिस्सा दोघांनी मिळून गायची, आणि तालीम आळीपाळीने एकमेकांच्या वाडीत.

बैठकीची पद्धत बदला, तिचा उपयोग मला उशिरा कळला. पोप फ्रान्सिस यांच्या २०२१ ते २०२४ च्या सिनोडमध्ये, म्हणजे चर्चच्या सल्लासभेत, गोल टेबलाभोवती बसून 'आत्म्यातला संवाद' करत. पहिल्या फेरीत प्रत्येकाने ठरलेली मिनिटं बोलायचं, कुणी उत्तर द्यायचं नाही. थोडा वेळ शांत. दुसऱ्या फेरीत स्वतःचं पुन्हा सांगायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं तेवढंच सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत पुढे काय करायचं ते. दुसरी फेरी आपल्या लोकांना अवघड जाते. एका बैठकीत एक गृहस्थ तीन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "तो म्हणाला की त्याची आई गेली तेव्हा आमच्या वाडीतलं कुणी आलं नाही. मला ते माहीत नव्हतं." एवढंच. खांद्याचा विषय त्या रात्री निघालाच नाही. आणि धर्मग्राम परिषदेचं मत चर्चच्या कायद्याप्रमाणे सल्ल्याचं असतं, म्हणून हात वर करून मतदान घेऊ नका. मतदानात हरलेला गट मनात आकडे घेऊन घरी जातो.

माणसं बोलून जवळ येतात त्याहून लवकर राबून येतात. वसईचं पाणी टँकरने उपसून नेलं जात होतं आणि हिरवा पट्टा धोक्यात आला होता, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीत सामवेदी, वाडवळ आणि कोळी, ख्रिस्ती आणि हिंदू एका रस्त्यावर उतरले. त्यांच्यात आधी समेट झाला होता म्हणून नव्हे. विहीर सगळ्यांची आटत होती. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्याकडच्या वाडीतल्या पोरांनी इमारतींत दूध आणि पिण्याचं पाणी पोचवलं. ज्यांचं नावही माहीत नव्हतं, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढून. तुमच्या भागात असं काय आहे जे एका वाडीला एकटीला झेपणार नाही? दफनभूमीची भिंत, बुजलेलं तळं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दवाखान्याची ने-आण. ते शोधा आणि त्याला सणाच्या समितीपेक्षा जास्त वेळ द्या.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. सगळ्याच तक्रारींना भांडण म्हणू नका. कुणी पैसे खरंच खाल्ले असतील, कुणाला जातीवरून बोललं गेलं असेल, कुणा बाईला किंवा लेकराला त्रास झाला असेल, तर "एकीसाठी गप्प बसा" म्हणणं पाप आहे. आपल्याकडे सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद बाप्तिस्म्यानंतरही राहिले. गोव्यात कोन्फ्रारियात, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळात, अंगावरचा मुर्सा (खांद्यावरचं आखूड वस्त्र) कुठल्या रंगाचा, यावरून माणूस कुठल्या गटातला ते कळायचं. त्या रंगाविरुद्ध जे बोलले त्यांना फूट पाडणारे म्हटलं गेलं, आणि न्याय त्यांच्याच बाजूला होता. तेव्हा आधी नीट ऐका. समोर आलंय ते रुसणं आहे की अन्याय, हे ठरवा. अन्याय असेल तर बिशपांकडे लेखी जा, आणि तिथे मागे हटू नका.

उरले ते दोन चुलतभाऊ. त्यांना बैठकीला एकत्र बोलावू नका, फादरांसमोर हात मिळवायला तर मुळीच लावू नका. चारचौघांत मिळवलेला हात घरी गेल्यावर बायका-मुलांना समजावून सांगावा लागतो. दोघांच्या घरात एक तरी म्हातारं माणूस असेल, दोघांना लहानपणी एका ताटात जेवलेलं पाहिलेलं. मी असतो तर आधी त्या माणसाकडे गेलो असतो, पावसाळ्यातल्या दुपारी, बागेत कुणाला काम नसताना. येत्या २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी त्यांच्या आजोबांची कबर साफ करायला दोन्ही घरांतून एकेक जण पाठवाल का, एवढंच विचारलं असतं. आजोबा दोघांचे एकच आहेत. मेणबत्त्या कुणी आणायच्या तेही तिथेच ठरवा, आणि तुम्ही स्वतः त्या दिवशी जरा लांब, फाटकापाशी उभ्या राहा.